बायजोडे ऱ्हाय

माय,

आधी ‘आई’ लिहिलं होतं, ते खोडलं. कॉलेजात गेल्यावर मी तुला आई म्हणायला लागलो, तेव्हा सुरुवातीला तू ओच द्यायची नाहीस. रागानं नव्हे, ती हाक तुला आहे हे तुझ्या लक्षातच यायचं नाही. मी दारात उभा राहून ‘आई, आई’ करायचो आणि तू आत भांडी घासत असायचीस. शेवटी शेजारच्या अक्का ओरडायच्या, “अवं, तुलेच हाका मारी ऱ्हायना तो!” मग तू पदराला हात पुसत बाहेर यायचीस आणि कुणी तरी दुसरंच आपल्याकडे आल्यासारखी माझ्याकडे पाहायचीस.

देवपुरातल्या आपल्या दोन खोल्यांमधला स्वयंपाकाचा कोपरा मला या दिवसांत वारंवार दिसतो. वसतिगृहातल्या मुलांच्या पोळ्या लाटून तू घरी येतेस, आणि पुन्हा आपल्या दोघांसाठी चूल पेटवतेस. मी आठवीत असेन. व्याकरणाच्या सरांनी वर्गात माझी नक्कल केलेली आहे, कारण मी ‘शाया’ म्हणालो. तू भाकरी थापता थापता विचारतेस, “कयन्यानी भाकर खाशी का?” आणि मी तिथल्या तिथे तुझा मास्तर होतो. कयना नाही, कळणा. शाया नाही, शाळा. डोया नाही, डोळा. तू जीभ वळवून वळवून म्हणून पाहतेस, तव्यावरची भाकरी करपते, आणि तू हसतेस. मला हसू येत नाही. मला वाटतं, ही शिकली नाही तर माझंही सुटणार नाही.

तू शिकलीस, पण जरा जास्तच. माझे सर पहिल्यांदा घरी आले त्या संध्याकाळी तू कप पुढे करून म्हणालीस, “घ्या ना सर, चाळ घ्या.” चायमधला य पण चुकीचाच असणार, असं तू धरून चालली होतीस. सर हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले, आणि त्यांच्यासोबत मीही हसलो. त्यानंतर बाहेरचं कुणी आलं की तू कप ठेवून आत जायचीस. माझ्या बायकोसमोरही लग्नानंतर पहिले काही महिने तू मोजकंच बोलायचीस. ती शिरपूरची, तिच्या माहेरी सगळे बिनदिक्कत आपल्याच अहिराणीत बोलतात. ती म्हणायची, “आई, माझ्याशी घरच्यासारखं बोला ना.” तू माझ्याकडे बघायचीस. मी वर्तमानपत्र उघडायचो.

आता त्या दिवसाकडे येतो. मुलीच्या जन्माच्या. जळगावात मे महिना आहे, दवाखान्याच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी नळातून उकळतं येतंय. कळा आदल्या दिवशी सकाळी सुरू झालेल्या, रात्र कशीबशी गेली, आणि दुसऱ्या दिवशीची दुपार झाली तरी बाळ जागचं हलत नाही. डॉक्टर मॅडम म्हणतात, बाळाचं तोंड वरच्या बाजूला आहे, म्हणून सगळा भार कमरेवर येतोय, थांबू या, ठोके चांगले आहेत. मला त्यांनी आत राहू दिलंय. तू बाहेर बाकावर, थर्मास मांडीवर घेऊन. सिस्टरनी दाखवलं होतं तसा मी मुठीनं बायकोच्या माकडहाडापाशी दाब देतोय. जरा हात सरकला की ती म्हणते, “तिथंच. हलू नकोस ना.” मी म्हणतो, होईल, होईल. ती मान वळवते. “काय होईल? तुला माहितीये का काय होईल ते? मग बोलू नकोस, दाब नुसता.” थोड्या वेळानं कळ ओसरते तेव्हा तीच म्हणते, “आज कॉलेजात तुझे तास कोण घेतंय?” आणि आम्ही दोघं हसतो. त्या खोलीतलं ते शेवटचं हसणं. त्यानंतर ती माझ्याशी बोलायचीच थांबली. फक्त माझं मनगट धरायची, आणि मला वाटायचं की निदान एवढं तरी मला जमतंय, मी इथं आहे.

बाळ शेवटी यंत्रानं ओढून काढलं. ते रडलं नाही. निळसर होतं, सिस्टर त्याच्या पाठीवर टिचक्या मारत होत्या, आणि त्याच वेळी टेबलाखाली रक्त सांडत होतं, थांबत नव्हतं. मॅडम दोन्ही हातांनी तिचं पोट दाबत होत्या. त्या मागं न बघता म्हणाल्या, “बाळाला मुलांच्या दवाखान्यात न्यायचंय, काचेत ठेवावं लागेल. घरचं एक माणूस सोबत द्या.” मी दारापर्यंत आलो. तू दारातच उभी होतीस. तू माझ्या छातीवर हात ठेवून म्हणालीस, “तू बायजोडे ऱ्हाय. सोडू नको.”

जोडे म्हणजे जवळ, हे काही मला शोधायला नको होतं. आणि बाय? लहानपणापासून तुझ्या बोलण्यातला य ऐकला की माझ्या डोक्यात आपोआप त्याचा ळ व्हायचा. मी ऐकलं, तू बाळाजवळ राहा. तुझ्या बाजूनं मी बाहेर पडलो, सिस्टरबरोबर रिक्षात बसलो. मागं वळून पाहिलं नाही.

बाळाजवळ मी दिवेलागणीपर्यंत होतो. काचेच्या पेटीबाहेर उभा. मुलीचं पोट वरखाली होतंय एवढंच बघत. ती रडली तेव्हा मीही रडलो. परत आलो तर बायकोला रक्त चढत होतं, तिचा चेहरा ओळखू येत नव्हता, आणि तू उशाशी बसून तिच्या केसांतून हात फिरवत होतीस. ती म्हणाली, “कुठं होतास?” मी म्हणालो, “बाळाजवळ. आईनंच सांगितलं होतं.” तिनं तोंड भिंतीकडे केलं. तू काहीतरी बोलायला गेलीस आणि थांबलीस. खोलीत सिस्टर होत्या, तिचे वडील नुकतेच शिरपूरहून आले होते. चार माणसांत तू बोलायचं सोडलं होतंस.

त्या भिंतीकडे वळलेल्या तोंडाचा अर्थ मी माझ्यापुरता लावून टाकला. मला वाटलं, सुनेपेक्षा नातवंडाची काळजी केली म्हणून ती तुझ्यावर दुखावली आहे. मलाही ते लागलं होतं, खरं सांगतो. माझी बायको मरणाच्या दारात असताना माझ्या आईनं मला तिच्यापासून दूर पाठवलं, हे मी तुला कधी बोललो नाही, पण मनातून काढलंही नाही. बाळंतपणानंतर तू आमच्याकडे येऊन राहणार होतीस. मी म्हणालो, जळगावची जागा लहान आहे, बघू पुढच्या वर्षी. मग प्रत्येक वर्षी काहीतरी निघत गेलं. तू देवपुरातच राहिलीस. दिवाळीला यायचीस, चार दिवस राहून जायचीस.

आणि तुझे फोन. मला आता ते आठवतात तेव्हा खुर्चीतून उठावं लागतं. “बाय कशी शे?” तू विचारायचीस. मी सांगायचो, मस्त आहे, दोन दात आलेत, आता धरून उभी राहते. तू जरा थांबायचीस. मग म्हणायचीस, “बरं. आनि पोर?” मी वैतागायचो. “आत्ता सांगितलं ना आई! लक्ष कुठं असतं तुझं?” तू म्हणायचीस, “हा, हा. बठ्ठं बरं शे ना मग?” सगळं बरंय, मी म्हणायचो. मला वाटायचं, तू विसरायला लागलीस. दवाखान्यात दाखवून आणायचंही मी बोललो होतो. एकदा तू विचारलंस, “बाय रागवनी का मनवर?” मी म्हणालो, एवढंसं लेकरू तुझ्यावर काय रागवणार? त्यानंतर तू ते पुन्हा विचारलं नाहीस. मुलगी शाळेत जायला लागली त्या वर्षी तू गेलीस.

परवा चोपड्याला मावशीकडे गेलो होतो आम्ही तिघं. तुझ्या धाकट्या बहिणीचा आवाज आता थेट तुझ्यासारखा झालाय. अंगणात पाय ठेवला आणि मावशी बायकोचा हात धरून म्हणाली, “ये वं बाय, बठ. किती वायी गई!” मुलगी शेजारी उभी होती, अकरावीतली, माझ्या खांद्याएवढी. तिच्याकडे मावशीचं लक्ष नंतर गेलं. “आनि ही पोर का? माय वं, केवढी व्हयनी!” मी तिथंच उभा राहिलो. बाय म्हणजे बाई, घरची सून, आणि पोर म्हणजे लेकरू. हे दोन शब्द मला जन्मापासून माहीत होते, माय. माहीत नव्हते असं मी म्हणूच शकत नाही. तू चायचा चाळ केलास तेव्हा मी हसलो, आणि मी बायचं बाळ केलं ते एवढी वर्षं मला कळलं नाही.

परतताना मुलगी गाडीत मागं कानात वायरी घालून झोपली होती. मी बायकोला विचारलं, त्या दिवशी दारात आई काय म्हणाली ते तुला आठवतं का?

“आठवतं की. बायजोडे ऱ्हाय, सोडू नको.”

“तुला ऐकू आलं होतं?”

“दार उघडंच होतं. म्हणून तर मी डोळे मिटले. म्हटलं, आता हा आत येतोय.” ती बाहेर केळीच्या बागांकडे बघत होती. “डोळे उघडले तर आई होत्या. पायात चपला तशाच. सिस्टर ओरडल्या, आजी, चपला काढा! त्यांना ऐकूच आलं नाही. मी विचारत होते, कुठंय तो? तर म्हणायच्या, येस तो, आते येस.”

चपला. म्हणजे बाळाबरोबर तू निघाली होतीस. पायात घालून तयार होतीस. मला आत ठेवून तू जाणार होतीस, आणि मी तुझ्या बाजूनं निघून गेलो म्हणून तू तशीच आत शिरलीस.

“मग तेव्हा बोलली का नाहीस?”

“काय बोलू? तू म्हणालास, आईनं सांगितलं म्हणून गेलो. मला वाटलं, स्वतः घाबरून गेलास आणि आता त्यांच्या नावावर ढकलतोयस. राग आला मला. तुझा. त्यांचा कशाला येईल?” थोडं अंतर गेल्यावर ती म्हणाली, “आणि नंतर त्यांना तू आणलंच नाहीस. मी विचारलं होतं तुला. दोनदा तरी. मला वाटलं, कॉलेजातली माणसं घरी येतात, त्यांच्यासमोर तुला त्या नको असतील.”

मी गाडी बाजूला घेतली. ती म्हणाली, “चालव. पोर उठेल.”

तेव्हापासून मी रोज काहीतरी लिहितो आणि फाडतो. तुझ्यावर जे धरून बसलो होतो ते तुझं नव्हतंच, हे तुला कसं कळवायचं? देवपूरच्या त्या खोल्यांत आता दुसरं कुणी राहतं. तू तिथं फोन ठेवून किती वेळ बसत असशील, बाय खरंच रागावली असेल का असा विचार करत, हे मला बायकोला विचारता येत नाही. ती म्हणेल, मला एकदा फोन दिला असतास तर मीच सांगितलं असतं. आणि ते खरं आहे. फोन कायम माझ्याच हातात असायचा.

एक मात्र तिला सांगितलेलं नाही, तुला सांगतो. तू छातीवर हात ठेवलास तेव्हा माझी पाठ त्या टेबलाकडे होती, पण खालचं रक्त मी पाहिलं होतं, आणि तिचा माझ्या मनगटावरचा हात सैल झालेला मला कळला होता. मला तिथून जायचं होतं. ‘बाय’ शब्द कानावर पडला आणि त्याचा मला हवा तो अर्थ निघाला, तेव्हा माझ्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. तू ‘बाई’ असं स्वच्छ म्हणाली असतीस, तरी मी आत गेलो असतो की नाही, हे मी बरेच दिवस स्वतःला विचारतोय. अजून हो म्हणता आलेलं नाही.