मस्टँगवरच्या सहा खुणा

रेनो, १३ सप्टेंबर १९७४

प्रिय बाबा,

मी सुखरूप आहे, जेवणही नीट चाललंय. तुमचा गुडघा कसा आहे?

आपण सहा वर्षं खपून उभं केलेलं मस्टँग विमान आज इथल्या विमानांच्या शर्यतीत दुसरं आलं. नवा मालक स्टोक्सने वेगासाठी पंख कापलेत आणि वैमानिकावरची काच इतकी बुटकी केलीय की त्याचंच डोकं मावतं. रिकामं असल्यामुळे मावत असावं.

दुसरं महायुद्ध संपता संपता कारखान्यातून निघालेलं, लढाईचं तोंडही न पाहिलेलं हे विमान. तरी पाडलेल्या शत्रूविमानांच्या सहा खुणा स्टोक्सने त्यावर रंगवल्यात. म्हणतो, "अगं विल्मा, न लढलेलं विमान बघायला कुत्रं तरी येईल का?"

प्रेक्षकांसाठी बांधलेल्या दोरीपलीकडून एका म्हाताऱ्याने विचारलं, "ही सहा कुणी पाडली?"

स्टोक्सने खुशाल माझ्याकडे बोट केलं. "हिच्या वडिलांनी."

म्हाताऱ्याने टोपी काढून माझा हात हातात घेतला. शेजारी एक वार्ताहर स्टोक्सकडून तुमचं नाव लिहून घेत होता.

स्टोक्स खोटारडा आहेच, पण गप्प मी राहिले. तुम्ही युद्धभर इंजिनं दुरुस्त केलीत, हे सांगायची मला लाज वाटली की काय?

हे पत्र पोहोचेपर्यंत तिथल्या पेपरातही तुमचं नाव आलं असेल. शेजारी अभिनंदन करायला आले, तर खरं काय ते तुम्हीच सांगा. मला जमलं नाही.

तुमची,
विल्मा