यादीबाहेरचे सहा दिवस

३ नोव्हेंबर, सोमवार

सीटमधून वाळू निघाली. चिमूटभर नाही — चांगली घमेलंभर!

सकाळी एका प्राध्यापकांची जीप दुकानात आली. दगडमातीचा अभ्यास करणारा माणूस. पुढच्या दोन्ही सीटा नव्याने बांधून हव्या होत्या. जुनं कव्हर उसवलं तर शिवणीशिवणीतून तांबूस वाळू भुरुभुरु खाली. फोममध्ये, स्प्रिंगांत, सगळीकडे. मी चिडणार होतो, पण त्यात हात घातला आणि तसाच बसून राहिलो. पिठासारखी मऊ. इतकी वर्षं सोफे आणि सीटा बांधतोय, उंदराचं घरटं निघालं, कंगवे निघाले, एकदा कवळी निघाली. वाळवंट पहिल्यांदाच.

प्राध्यापकांना कामाचं विचारायचं सोडून रस्त्याचंच विचारत सुटलो. म्हणाले, रस्ता इतका सरळ की समोरून येणारा ट्रक दिसतो, मग आपण गप्पा मारतो, गाणं म्हणतो, भांडतो, आणि तरी तो ट्रक अजून पोचलेला नसतो.

दुपारी मशीन. चार वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही किडन्यांनी काम सोडलं, तेव्हापासून सोमवार-बुधवार-शुक्रवार माझं रक्त रुग्णालयात धुवायला जातं, सोबत मी. शेजारच्या खुर्चीवर नेहमीच्या बाई. त्या मुलांना पोहायला शिकवतात — आता काठावर उभ्या राहून, कारण छातीत नळी बसवलेली, पाण्यात उतरायला बंदी. त्यांना वाळूची गोष्ट सांगितली आणि सहज बोलून गेलो की जावंसं वाटतंय. त्या डोळे मिटूनच म्हणाल्या की वाळवंटाला माझ्याइतका लायक माणूस शोधून सापडणार नाही, दिवसाला लिटरभर पाण्यात भागवायची सवय आणखी कुणाला आहे?

नर्स रागावल्या. हसल्यावर बाईंचं मशीन बोंब मारतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

ताईला फोन केला, गाडीने वाळवंटात जाऊ या म्हणून. का, कशाला, तुझ्या तब्येतीचं काय — एक शब्द नाही. म्हणाली, "टायर बदलून घेते."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

हिला सांगितलं.

ही छापखान्यात मुद्रितं तपासते. चुका काढणं हा तिचा पगारी धंदा आणि घरी ती बिनपगारी ओव्हरटाइम करते. शांतपणे ऐकून घेतलं, मग एकेक काढायला लागली. मशीनचं काय? परक्या ठिकाणी सुई कोण टोचणार? गाडी मध्येच बंद पडली तर? उन्हात तहान लागली आणि जास्त पाणी प्यालात, फुप्फुसात पाणी झालं, तर? मी प्रत्येकाला "बघू" म्हणत गेलो. शेवटी म्हणाली की या "बघू"खाली तिने लाल रेघ मारलेली आहे.

पण थट्टा करत होती! म्हणजे अर्धं काम झालं.

१० नोव्हेंबर, सोमवार

कापड बेतायच्या टेबलावर नकाशा पसरलाय. गिऱ्हाइकं येऊन त्याच्यावर रेग्झिनचे नमुने ठेवतात. एकाने विचारलं, हे डिझाइन केवढ्याला मीटर?

मार्ग ठरतोय. पुढच्या शनिवारी, बावीसला पहाटे निघायचं, वाटेत मुक्काम, रविवारी वाळवंटाच्या ऐन मध्यावरच्या गावी. तिथे छोटं रुग्णालय आहे आणि त्यात डायलिसिस होतं — हे कळलं तेव्हा दुकानातल्या दुकानात एक गिरकी घेतली. सोमवार आणि बुधवार तिथे. मधल्या मंगळवारी मोठ्या टेकड्या. मग परत. शुक्रवारी इथल्या खुर्चीत हजर.

तिथल्या सिस्टरांशी फोनवर बोललो. आवाज अगदी करडा. मला एक गोष्ट छळत होती, ती विचारून टाकली: एका बैठकीला मशीन शंभराहून जास्त लिटर पाणी पितं, तुमच्याकडे तर पाण्याची टंचाई, मग मी परका माणूस तुमच्या वाटणीचं पाणी संपवायला येऊ का? पलीकडे वहीची पानं चाळल्याचा आवाज. मग म्हणाल्या, "या हो. तुमच्यापुरतं आहे." आवाज बदलला होता.

स्वतः प्यायला लिटरभर आणि मशीनला टाकीभर! मालकापेक्षा नोकराचा थाट मोठा.

१२ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टर हो म्हणाले. वजन आटोक्यात, हिमोग्लोबिन बरं, जा आणि फोटो दाखवा. मी हवेत.

मग किडनी-प्रत्यारोपणाच्या यादीच्या मॅडमनी बोलावलं.

चार वर्षं मी या यादीत आहे. कुणीतरी जाईल, त्याच्या घरची माणसं असल्या दुःखातही हो म्हणतील, रक्तगट जुळेल, तेव्हा मला फोन येईल आणि काही तासांत इथे पोचायचं. मॅडम म्हणाल्या, माझ्या रक्तगटात आता मी पहिला आहे. उद्या येईल किंवा वर्षाने, कुणी सांगू शकत नाही. पण वाळवंटातून वेळेत पोचणं शक्य नाही, म्हणून जाणार असाल तर तेवढे सहा दिवस नाव बाजूला ठेवावं लागेल. नंबर जाणार नाही. मात्र त्या दिवसांत किडनी आलीच तर ती पुढच्याला.

खुर्चीत बसल्यावर बाईंना सांगितलं. त्यांना मॅडमनी कालच सांगितलं होतं की त्या दुसऱ्या आहेत. त्यांचा रक्तगटही माझाच. बाईंनी माझ्याकडे बघून दोन बोटं वर केली. मग म्हणाल्या की आयुष्यात एकदाही त्या दुसऱ्या आल्या नव्हत्या, आणि ज्याच्या मागे आल्या त्याला पोहताही येत नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ही भडकली. बरोबरच आहे.

मोठ्याने नाही, तिचा राग मोठा नसतो. भांडी जरा जोरात ठेवली जातात इतकंच. म्हणाली की चार वर्षं डोळ्यांत तेल घालून वाट बघितली आणि आता पहिला नंबर लागल्यावर मला वाळू बघायची हौस आली आहे. मी म्हणालो, पुढे जाऊ. तिने विचारलं, पुढे म्हणजे कधी? तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. त्यामुळे भांडण अर्ध्यावरच राहिलं.

ताईला कळवलं की रद्द.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

मशीन. बाईंना रद्द झाल्याचं सांगितलं. नकाशा गुंडाळून ठेवला. टेबल उगाच मोठं वाटतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

आजचा दिवस जपून लिहायचा आहे.

ताई सकाळीच गाडी घेऊन दारात. नवे टायर. मी म्हणालो, अगं रद्द झालंय. म्हणाली, टायरना कुणी सांगितलेलं नाही. ताईने जन्मभर मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवली. अजूनही कुणाच्याही गाडीत बसली की उजवा पाय खोटा ब्रेक दाबतो. माझ्याकडे न बघता हिला म्हणाली, "चल गं, तुला गाडी शिकवते."

ही नाही-नाही म्हणत असताना आम्ही बंद पडलेल्या गिरणीच्या मैदानात पोचलोसुद्धा. मी मागच्या सीटवर. ही स्टीअरिंग धरून बसली, जणू ते पळून जाणार आहे. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदा पडली. तिसऱ्यांदा गाडीने अशी उडी मारली की माझं डोकं टपावर. मग अचानक चालायला लागली! मैदानाला एक गोल फेरा, मग दुसरा. ताई सारखी "आरसा बघ, आरसा बघ". आरशात ही मला दिसत होती. हसत होती. असं हसताना तिला शेवटचं कधी बघितलं, आठवेना.

मैदानाच्या टोकाला तिने गाडी थांबवली, स्वतःहून, नीट. ताई पाय मोकळे करायला उतरली — मुद्दाम उतरली असणार. हिने मागे न वळता, समोर बघतच सांगितलं. चार वर्षांत आपण या गावाच्या बाहेर तासाभराच्या पलीकडे गेलेलो नाही. तिच्या सख्ख्या भाचीच्या लग्नाला ती एकटी गेली आणि जेवायला न बसता परत आली. आंघोळ करतानासुद्धा फोन खिडकीत ठेवते. ती म्हणाली की तिला भीती वाळवंटाची नाही, वाळवंटात आपल्याला छान वाटेल आणि परत यावंसं वाटणार नाही, याची आहे.

 पुढे हात करून तिच्या खांद्यावर ठेवला. मशीनच्या सुयांसाठी शिरा जोडलेला हात, त्यात वाहत्या रक्ताची घरघर नेहमी जाणवते. तिने गाल त्याच्यावर टेकवला.

मग म्हणाली, "जाऊ या. सहा दिवस फोन वाजला तर वाजू दे."

आणि तिसरा फेरा मारला. जरा जोरातच.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मॅडमकडे जाऊन सही केली. त्यांनी दोनदा विचारलं. मी दोनदा हो म्हणालो. बाहेर आलो तेव्हा त्यांचं पेन माझ्याच खिशात होतं.

बाईंना सांगितलं. काहीतरी विनोद करतील वाटलं होतं. नाही केला. हात लांब करून माझ्या खुर्चीच्या दांडीवर थोपटलं, पोराला पाण्यात सोडायच्या आधी थोपटतात तसं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सुट्ट्या मंजूर! छापखान्याचे साहेब हिला म्हणाले की चार वर्षांत पहिल्यांदाच मागितलीस, मी समजत होतो तुला सुट्टी हा शब्दच माहीत नाही. ही म्हणाली, माहीत आहे, त्यात दोन ट एकत्र येतात.

रात्रीचा गारवा असतो म्हणून माझे दोन स्वेटर, हिचे तीन. पाण्याच्या बाटल्यांवरून ताईशी फोनवर वाद. ताईला माणशी पिंपभर हवं. माझ्या वाटणीची जागा रिकामी, तिथे हिची उशी बसते. आजारपणाचा हा पहिलाच फायदा.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ताईच्या गाडीच्या सीटा नव्याने बांधल्या. दिवसभर दुसरं काम घेतलं नाही. चालवणाऱ्याच्या पाठीला घट्ट फोम, शेजारी मऊ, मागे हिच्यासाठी दोन थर. शिवणी अशा आवळल्यात की वाळूचा एक कण आत शिरला तर नाव बदलीन. ताईने बसून बघितलं, खोटा ब्रेक दाबून बघितला.  मग उतरेचना!

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मशीन. उद्या निघायचं.

बाई म्हणाल्या, परत याल तेव्हा रंग कसा असतो ते सांगा, फोटोत खरा येत नाही. उद्यापासून यादीत त्या पहिल्या. हे दोघांनाही माहीत.

२२ नोव्हेंबर, शनिवार

निघालो! ही पुढे बसली आहे. गाडी हलते, अक्षर बघा कसं येतंय.

२३ नोव्हेंबर, रविवार

प्राध्यापक खोटं बोलले नव्हते. ट्रक दिसला. आम्ही गप्पा मारल्या. ताईने तिच्या एका विद्यार्थ्याची गोष्ट सांगितली, ज्याने परीक्षेत परीक्षकालाच खाली उतरवून गाडी ढकलायला लावली. ही पोट धरून हसली. गोष्ट संपली. ट्रक अजून तिथेच!

दुपारी एका ओसाड ठिकाणी ताईने गाडी बाजूला घेतली आणि चावी हिच्या हातात दिली. समोर कुणी नाही, मागे कुणी नाही, धडकायला झाडसुद्धा नाही. हिने चालवली. वेग बेताचा. पण काय ऐट! मी मागे, दोन थरांच्या फोमवर, तोंडात बर्फाचा खडा धरून — आज पाण्याचा हिशेब असाच पाळतोय — आणि खिडकीबाहेर सगळं तांबडं, मग पिवळं, मग ज्याला मला नाव सुचत नाही असं काहीतरी. बाईंना सांगायला शब्द शोधायला हवा.

२४ नोव्हेंबर, सोमवार

करड्या आवाजाच्या सिस्टर ताईच्याच वयाच्या निघाल्या. सुई एका झटक्यात, कळलीसुद्धा नाही. खोली छोटी, चार खुर्च्या, खिडकीतून थेट वाळू दिसते. रक्त तेच, मशीन तसंच, पण समोर टेकड्या! चार तास कसे गेले! शेजारच्या खुर्चीवरच्या उंटवाल्या आजोबांनी विचारलं, इतक्या लांबून हे बघायला आलात? मी हो म्हणालो. ते खिडकीतून बाहेर बघत राहिले, जणू कुणीतरी त्यांच्या घराचं कौतुक केलं.

ही म्हणाली की ती आज फोन खोलीतच विसरली होती. विसरली होती!

२५ नोव्हेंबर, मंगळवार

टेकडीच्या पायथ्याशी आलो आहोत. उजाडायला थोडा वेळ आहे. ताई आणि ही वर चढल्या, मी दम खात खाली. माझा फोन वाजला. बाई.

त्यांना रुग्णालयाने बोलावलंय. किडनी आली आहे. गाडी दारात उभी, भाऊ घाई करतोय आणि त्या उंबऱ्यात अडलेल्या. म्हणाल्या, "ही तुमची होती. जाऊ ना मी?"

 इथे तरी खरं लिहितो. क्षणभर 'थांबा' म्हणावंसं वाटलं. 

मग म्हणालो, "निघा, बाई. आणि वाटेत पाणी पिऊ नका, ऑपरेशन आहे."

हसल्या की रडल्या, कळलं नाही. फोन बंद झाला. थोडा वेळ वाळूत बसलो. सगळं नीट पार पडलं तर इतक्या वर्षांनी बाई लघवीला जातील! काही महिन्यांनी पाण्यातही उतरतील. एकटाच हसायला लागलो, डोळे पुसत.

वरून ही हाक मारतेय. आधी सूर्य येऊ दे. मग सांगतो तिला.