नवीन शिकाऱ्यासाठी अकरा सूचना

दारव्हा,
मंगळवार, १८ नोव्हेंबर

प्रिय नयन,

जय भीम. तुझ्या भावाच्या, कपिलच्या स्थळाला हो म्हणायचं की नाही, हे मला येत्या रविवारी बाबांना सांगायचं आहे. त्याआधी तुझ्याशी बोलणं भाग आहे. जे घडलं ते क्रमाने लिहिते. चुकलं असेल तिथे दुरुस्त कर.

१. २ नोव्हेंबर, रविवार. तू, कपिल आणि तुझी आई मला पाहायला आमच्या घरी आलात. मी नुकताच मॉन्स्टरच्या शिकारीचा गेम घेतलाय आणि पहिल्याच मोठ्या मॉन्स्टरकडून रोज मरतेय, हे बोलण्यात निघालं. कपिल म्हणाला, तो तोच गेम दोन वर्षांपासून खेळतो, मला शिकवेल.
२. ४ नोव्हेंबर. कपिलच्या नंबरवरून ‘नवीन शिकाऱ्यासाठी अकरा सूचना’ अशी यादी आली.
३. ६, ८, १२ आणि १४ नोव्हेंबर. दुपारी बारा ते एकच्या दरम्यान कपिलच्या गेममधल्या खात्यावरून कुणीतरी माझ्यासोबत शिकार केली.
४. ८ नोव्हेंबर, १२.४०. शिकार चालू असतानाच कपिलचा बाबांना फोन आला. तो खाणीवर होता.
५. १२ नोव्हेंबर, १२.५२. कपिलच्या नावाचा शिकारी लढता लढता थांबला.
६. १३ नोव्हेंबर. शिकार मध्येच का थांबली असं विचारल्यावर कपिल फोनवर म्हणाला, काल लाइट गेली होती.
७. १४ नोव्हेंबर. तोच शिकारी एका जागी उभा राहून धनुष्य चालवत होता. आधी तिन्ही वेळा त्याच्या हातात दोन तलवारी होत्या.
८. १६ नोव्हेंबर, रविवार. आम्ही राजूरला तुमचं घर पाहायला आलो. तुझ्या डाव्या अंगठ्याला पट्टी होती.

आता थोडं सविस्तर. माझं काम वीजमीटर तपासण्याचं आहे, हे तुला माहीत आहे. मीटर घेऊन येणारा प्रत्येक माणूस म्हणतो, आमचं मीटर पळते. दहांतल्या नऊ वेळा मीटर बरोबर असतं आणि गडबड घरातल्या वायरिंगमध्ये असते. त्यामुळे कोण काय म्हणतं ते मी ऐकून घेते आणि आकडा स्वतः पाहते. माणसांच्या बाबतीतही तशीच वागते, म्हणून आई मला कोरडी म्हणते. म्हणू दे. सध्या मी खात्याच्या परीक्षेसाठी दोन आठवड्यांच्या रजेवर आहे. पुस्तक उघडं असतं आणि दुपारी तासभर गेम. बाबा दारातून डोकावून म्हणतात, “वाघ मारायचा शौक असन त टिपेश्वरले जाय न. या टीव्हीतल्या जनावराचं काय घेऊन बसली?” त्यांना वाटतं मी कपिलशी ओळख वाढवतेय, म्हणून ते रागावत नाहीत.

त्या पहिल्या रविवारी तू काय बोललीस ते मला आठवतं. गेमचा विषय निघाल्यावर तू बशी खाली ठेवून एकच विचारलंस, “शस्त्र कोणतं घेतलं ताई?” मी उत्तर द्यायच्या आत कपिल म्हणाला, “तुले काय समजते त्यातलं? चूप बस न.” सगळे हसले. तूही हसलीस, पण जरा उशिरा. दोन वर्षं खेळणाऱ्या माणसाने मला विचारायला हवा होता तो पहिला प्रश्न तू विचारला होतास. त्याने तो शेवटपर्यंत विचारला नाही.

मग यादी आली. आतापर्यंत मी ती वीसेक वेळा वाचली असेल. पहिल्या सात सूचना उत्तम आहेत. निघण्याआधी पोटभर जेव. मॉन्स्टरच्या तोंडाकडे पाहू नको, पायांकडे पाहा, पाय आधी सांगतात. दोन वार करून बाजूला हो, तिसऱ्याची हाव धरू नको. औषध पिण्याआधी शस्त्र म्यानात घाल. तो दुसरीकडे पळाला की धार लावून घे. तो लंगडू लागला की संपत आलाय, पण तेव्हाच तो जास्त जोरात मारतो. मेलीस तर लाजू नको, पुन्हा निघ. याच्या जोरावर मी तिसऱ्या दिवशी तो पहिला मॉन्स्टर मारला. इंटरनेटवर शेकडो लोक सूचना देतात, इतक्या नेमक्या मला कुठे सापडल्या नाहीत.

नंतरच्या चार मात्र मला कुठेच सापडल्या नाहीत, आणि मी शोधलं. आठवी, हेडफोन एकाच कानाला लाव. नववी, पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे ठेवून बस. दहावी, बाहेर गाडीचा आवाज आला की शिकार अर्धी सोड. अकरावी, झाल्यावर वायर होती तशीच गुंडाळ, रिमोट होता तसाच पालथा ठेव, वर कापड टाक. नयन, ज्याच्या पैशाने गेमचं मशीन आलं, ज्याच्या नावावर खातं आहे, त्याला रिमोट पालथा होता की सुलटा हे लक्षात ठेवायचं काय कारण? ही यादी लिहिणाऱ्याला वाटलं असावं की प्रत्येक जण असाच खेळतो. आणि कपिलने ती न वाचताच पुढे पाठवली. वाचली असती तर शेवटच्या चार ओळी त्याने राहू दिल्या नसत्या.

तरीही मी घाई केली नाही. भाऊ-बहिणीत अशा वस्तूंवरून ओढाताण सगळ्याच घरांत असते. भाऊ हात लावू देत नाही, बहीण चोरून खेळते, एवढंच असू शकतं, असं मी स्वतःला सांगितलं. आठ तारखेला बाबांनी फोन स्पीकरवर टाकला तेव्हा मागून डंपरचा आवाज येत होता आणि कपिल म्हणत होता, “डुटीवर आहो बाबूजी, मांगून निवांत बोलतो.” माझ्यासमोर पडद्यावर त्याच्या नावाचा शिकारी शांतपणे सापळा पुरत होता. मी सापळ्याच्या चुकीच्या बाजूला उभी होते. खाली अक्षरं उमटली, “इकडे ये न वो माय, तिथी काहून उभी राह्यली?” मी मोठ्याने हसले. कपिल मला ‘वो माय’ म्हणणार नाही, ही तूच आहेस, हे त्याच क्षणी कळलं, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. त्या दिवशी मॉन्स्टर लंगडू लागल्यावर तू दोन्ही तलवारी म्यानात घातल्यास आणि शेवटचा वार माझ्यासाठी सोडून बाजूला उभी राहिलीस. असं माझ्यासाठी फारसं कुणी थांबलेलं नाही.

बारा तारखेचं लिहिणं अवघड आहे. १२.५२ ला तू थांबलीस. मॉन्स्टरने चार वेळा धडक दिली, तू हलली नाहीस. मी तुझ्या आणि त्याच्या मध्ये येत राहिले, तुला बरं करणारी औषधाची धूळ उधळत राहिले, खाली लिहीत राहिले, काय झालं, काय झालं. दोन मिनिटं दहा सेकंदांनी तुझा शिकारी कोसळला. लाइट गेली असती तर तो पडद्यावरून नाहीसा झाला असता. तो उभा होता, म्हणजे मशीन चालू होतं आणि रिमोट कुणाच्या हातात नव्हता. हे कळायला वीज खात्यात नोकरी लागत नाही. चौदा तारखेला तू परत आलीस तेव्हा मला आनंद झाला, पण तू चालत नव्हतीस. रिमोटवर चालायचं ते डाव्या अंगठ्याने.

परवा तुमच्या घरी कुणी काही विचारण्याआधीच तुझी आई म्हणाली, “दारात चेंगरला अंगठा. हिचं ध्यानच नसते कुठी.” कपिल म्हणाला, “कामाले बहाणा पाह्यजे तिले.” तू ट्रे छातीशी टेकवून उजव्या हाताने चहा दिलास. मग बाबांनी गमतीने म्हटलं, “जवाईबापू, दाखवा त आमालेही तुमची शिकार,” आणि कपिलने मशीन सुरू केलं. शस्त्र बाहेर काढायचं बटण सापडायला त्याला अकरा सेकंद लागले. मी त्याच्याकडे पाहत नव्हते. तुझ्याकडे पाहत होते. तुझा उजवा अंगठा ओढणीखाली बटण दाबत होता, जणू तू त्याला सांगत होतीस. आणि तो वैतागून रिमोट आपटायला गेला, तेव्हा तू भिंतीकडे सरकलीस. फार नाही, वीतभर. तुझी आईही सरकली.

एवढ्यावरून मी तुझ्या भावावर आरोप ठेवत नाही. मी त्या खोलीत नव्हते. बारा तारखेला बाहेर गाडी वाजली का, वाजली तर कुणाची, हे मला माहीत नाही. दार खरंच लागलं असेल, तर तसं लिही आणि मला मूर्ख म्हण. तुझ्याशी त्या खात्यावरून बोलता येत नाही, कारण खातं त्याचं आहे. फोन तुझ्या हातात किती वेळ असतो तेही मला ठाऊक नाही. म्हणून हे पत्र वणीला, तू जातेस त्या विमलताईंच्या शिवणक्लासवर पाठवतेय. त्या माझ्या आईच्या मावसबहीण. त्यांना मी फक्त एवढंच सांगितलंय की पाकीट तुझ्याच हातात द्यायचं आणि क्लासमध्येच वाचू द्यायचं. वाचून झालं की त्यांच्याकडेच ठेव, घरी नेऊ नको.

आता हे का लिहिलं ते. माझा निर्णय तुझ्या उत्तरावर अवलंबून नाही. मी नकार देणार, हे रविवारी तुमच्या घरून परतताना जीपमध्येच ठरलं. बाबा शेजारी बसून साक्षगंधाला किती पाहुणे येतील ते बोटांवर मोजत होते. हा निर्णय अजून माझ्याकडेच आहे. कारण मी नाही म्हटलं की तुमच्या घरात पहिला प्रश्न येईल, काहून? मग कपिल ती यादी उघडेल आणि या वेळी वाचेल. त्या संध्याकाळी तू कुठे असशील, याचा विचार करून मी दोन दिवस बाबांना काही सांगितलेलं नाही. म्हणून दोन गोष्टी मला तुझ्याकडून हव्यात. मी नकाराचं काय कारण सांगू, म्हणजे बोट तुझ्याकडे वळणार नाही? पत्रिका आम्ही पाहत नाही, तो बहाणा चालणार नाही. बदलीचा चालेल, परीक्षेचाही चालेल, सगळा दोष माझ्यावर आला तरी मला चालेल. आणि दुसरं, नकार पोचेल त्या दिवशी तुला त्या घरात राहायचं आहे का? नसेल, तर विमलताईंच्या माडीवर मुलींसाठी दोन खोल्या आहेत, एक रिकामी आहे. मी स्वतः वणीला येईन. ‘राहायचं आहे’ असं लिहिलंस तरी मी वाद घालणार नाही, फक्त तसं स्पष्ट लिही. शुक्रवार, २१ नोव्हेंबरला दुपारपर्यंत तुझं उत्तर विमलताईंकडे दे.

तुझीच सोबतीण,
दीपमाला