आहाराचा रकाना

बोरिवली पश्चिम
मंगळवार, दुपार

सौ. शुभास,

डस्टरचा तो ठक-ठक आवाज मला अजून ऐकू येतो. विक्रोळीच्या शाळेत कविता चालीवर म्हणताना मी टेबलावर डस्टरने ताल धरायचो, पन्नास पोरं एका सुरात ओरडायची आणि खडूची धूळ उन्हात तरंगायची. (शेजारच्या वर्गातले गणिताचे सर दार आपटून लावून घ्यायचे, तोही आवाज ऐकू येतो, पण तो मी मनावर घेत नाही.) असो. भावोजींचे आशीर्वाद घे. तुझा गुडघा कसा आहे? माझी तब्येत उत्तम, म्हणजे सकाळची गोळी रात्री आणि रात्रीची सकाळी, एवढाच घोळ. तुझ्या बहिणीला, कुंदाला, चारकोपच्या निवासात ठेवल्याला सात महिने झाले. तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस आणि या घराची पायरीही चढली नाहीस, म्हणून पत्र. पत्र निदान मध्येच कट करता येत नाही.

दाखल करताना त्यांनी आठ पानी फॉर्म दिला होता. नाव 'माझी गोष्ट'. विसरत चाललेल्या माणसाला त्याच्या स्वतःच्या आवडीनिवडींनी सांभाळायचं, सगळ्यांना एका घंटेवर उठवायचं-जेववायचं नाही, अशी तिथली रीत. म्हणून प्रत्येक वाक्य 'मला'ने सुरू. कुंदाला पेन धरवेना, तेव्हा मीच कुंदा होऊन लिहिलं. आठ पानं पुरली नाहीत, पुरवणी जोडली. 'मला पहाटे कविता ऐकायला आवडते. मला प्राजक्ताचा सडा आवडतो.' आहाराच्या रकान्यात 'शुद्ध शाकाहारी', खाली दोन रेघा. इतका सुंदर फॉर्म आजवर कुणी भरला नव्हता, असं तिथला मॅनेजर परेश म्हणाला. (झेरॉक्स माझ्याकडे आहे. अधूनमधून वाचतो.)

कुंदाला सांभाळते ती शेवंती. गोराईच्या कोळीवाड्यातली, तिशीतली. सासूची मासळीची टोपली न उचलता तिने या कामाचा सहा महिन्यांचा कोर्स केला, सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलं, आणि ही पहिली नोकरी. ती बिचारी रोज पहाटे साडेपाचला पलंगाशी उभी राहून मोबाइलमधून कविता वाचायची. कुंदा कानावर उशी घ्यायची. शेवंतीला वाटलं, ऐकू जात नसेल, म्हणून ती आणखी मोठ्यांदा वाचायची. दोन आठवडे हा जाच चालला (जाच हा शब्द शेवंतीचा). मग तिने कविता बंद केल्या आणि कुंदा सातपर्यंत शांत झोपू लागली. शुभा, अठ्ठेचाळीस वर्षं मी तिला पहाटे उठवून कविता ऐकवल्या. ती 'छान' म्हणायची आणि चहा ठेवायला जायची.

गेल्या आठवड्यात तिने जेवण टाकलं. चार दिवस नुसतं दूध. शनिवारी शेवंती तिच्याशेजारी बसून आपला डबा खात होती, तर कुंदाने सरळ त्यात हात घातला, बांगड्याची तुकडी उचलून खाल्ली, आणि वर भात मागितला. शेवंतीने दिला. परेशचा फोन आला, आहारात चूक झालीय, सॉरी सर. मी दीड पान तक्रार लिहिली, त्यात 'पावित्र्यावर घाला' वगैरे शब्द घातले आणि काल स्वतः नेऊन दिली. मग वर कुंदाला भेटायला गेलो.

पाहतो तर पुन्हा तोच डबा, तोच बांगडा. मी तोंड उघडणार तोच शेवंती म्हणाली, "काका, आधी बघा, मग बोंबला. चार दिवस बाई उपाशी. मी काय फॉर्म वाचत बसू?" बघितलं. ज्या बोटांना ब्लाउजचा हूक लावता येत नाही, ती बोटं अख्खा काटा न मोडता अलगद काढत होती. मग कुंदाने वर पाहिलं. ओळखलं नाही, पाहुणा समजली. साफ केलेला तुकडा माझ्यापुढे सरकवून हळूच म्हणाली, "घ्या ना. पण बाहेर बोलू नका हं. आमच्या ह्यांना चालत नाही." पुढचा काटा काढला. "स्वभावाने गरीब आहेत हो. पण चालत नाही."

मी खाल्ला. शहात्तराव्या वर्षी पहिला. चव सांगता येणार नाही, नाकडोळे वाहत होते. मी ते तिखटावर ढकललं. शेवंती उगाचच खिडकीबाहेर बघत राहिली.

धावत (म्हणजे लिफ्टने) खाली आलो आणि परेशला म्हटलं, तक्रार मागे घेतो. तो म्हणाला, "मेल वरच्या ऑफिसला गेला सर. शुक्रवारी अकराला मीटिंग, शेवंतीला बहुतेक काढतील. आणि फॉर्मवर शाकाहारी तुम्हीच लिहिलंत, तक्रारही तुमचीच, आता खातात म्हणताय. तुमचं नेमकं कुठलं धरू?" बरोबर आहे त्याचं. माझं धरण्यासारखं काही राहिलेलं नाही.

असो. विशेष काम काही नव्हतं, सहज लिहिलं. उकाडा फार आहे, दुपारची बाहेर पडू नकोस.

तुझा,
नंदकिशोरभावोजी

ता. क. १ : आहाराचा रकाना बदलायला माहेरच्या माणसाची सही चालते म्हणे. कुंदाच्या माहेरचं आता तुझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही. शुक्रवारी अकराच्या आत येशील? माझ्यासाठी नको येऊस. शेवंती गेली, तर कुंदाने जेवण टाकल्यावर तिच्याकडे बघणारं कुणी राहणार नाही. आणि आलीसच, तर तो सगळा फॉर्म नव्याने तूच भर. मी शेजारी गप्प बसेन.

ता. क. २ : महिन्याच्या दुसऱ्या रविवारी ती सांताक्रूझला तुझ्याकडे यायची. संध्याकाळी परतली की आधी आंघोळ करायची आणि मूठभर बडीशेप चघळत बसायची. मी त्यावर 'माहेरचा सुगंध' नावाची कविता केली होती. त्या रविवारी तुमच्याकडे काय शिजायचं, हे मी विचारत नाही. (विचारतोय.)

ता. क. ३ : बेल वाजली म्हणून उठलो. जाळीच्या दाराबाहेर तू उभी. घामाने निथळतेयस आणि दम लागलाय. "भावोजी, फॉर्मवर माझा नंबर होता म्हणून शेवंतीने फोन केला. रडत होती पोरगी. चप्पल घाला, रिक्षा खाली थांबलीय." हो हो म्हणत मी हे उभ्याउभ्या लिहितोय. तू कडी वाजवतेयस. "दार उघडायचं सोडून कुणाला लिहिताय एवढं?"

तुलाच गं.