कॅप्टन थ्रेलफॉलचा बिल्ला

२३ एप्रिल १९९५, रविवार

ॲग्नेस थ्रेलफॉलला काही लाज आहे की नाही! महायुद्ध संपल्याला पन्नास वर्षं होतात म्हणून चर्चच्या हॉलमध्ये आम्ही प्रदर्शनाच्या काचेच्या पेट्या मांडतोय. तिच्याकडे तिच्या नवऱ्याचा, वॉल्टरचा, लष्करी टोपीवरचा बिल्ला मागून मागून थकले. आज दिला एकदाचा — आणि तो कसा? किटलीच्या बुडासारखा काळपट! म्हणे कॅप्टन होता. मरेपर्यंत सगळं गाव त्याला कॅप्टन म्हणत होतं, आणि त्याच्या बिल्ल्याची ही दशा!

प्रार्थना सुटल्यावर सगळ्यांदेखत विचारलं, "ॲग्नेस, नवऱ्याच्या कबरीवरचं गवत तरी काढतेस का गं?"

"राहू दे तो तसाच, विनी," एवढंच म्हणाली. हसली.

तसाच राहू देणारी मी नव्हे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ऑगस्टीन आमच्याकडून वेदीवरचं सगळं पितळ घासून घेत. त्यात तोंड दिसलं नाही तर जेवण नाही.

२४ एप्रिल

ब्रासो, जुनी बनियन, दातांचा ब्रश. पहिल्या हातातच काळं सुटलं. खालून पितळ, पिवळंधमक! त्यावर कोरलेल्या गुलाबाची पाकळी न् पाकळी उठून दिसते. मखमलीवर टाचून पेटीत मधोमध ठेवला. बघू दे आता ॲग्नेसला.

२७ एप्रिल

मिस्टर पिलिंग पेट्यांतली कार्डं लिहायला आले. निवृत्त दंतवैद्य. बिल्ले जमवायचं वेड, आणि ते वेड सगळ्यांना सांगायचंही वेड. डोळ्याला भिंग लावून वाकले. तसेच थांबले.

"हा कोणी घासला?"

"मी!" अभिमानाने सांगितलं. अभिमानाने!

"मॅट्रन, अधिकाऱ्यांच्या बिल्ल्यावर ब्राँझचा तपकिरी रंग चढवलेला असायचा. मुद्दाम. चमकलं की शत्रूला डोकं दिसतं. तो रंग युद्धातून वाचला, तुमच्या हातून नाही वाचला. धडधाकट दात उपटलात तुम्ही."

फुलं मांडणाऱ्या बायकांचे हात थांबले होते. माझे कान तापले. विचारल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही — मॅट्रन म्हणून जन्मभर वॉर्डातल्या नर्स पोरींवर ओरडले मी. मी!

२८ एप्रिल

ॲग्नेसला सांगायला गेले. खिडकीत बसून रुबार्बचे देठ चिरत होती. फाटकातूनच परत आले.

३० एप्रिल, रविवार

बिल्ला घरी आणून कडक चहात बुडवून ठेवला. ढिम्म फरक नाही. या वयात पितळ काळं करायला बसलेय! आज चर्चमध्ये मागच्या बाकावर लपले होते. ॲग्नेसने पुढे माझ्यासाठी जागा धरून ठेवली होती. हात करून बोलवत होती.

२ मे

पिलिंग दारात हजर. "ज्याने घासलंत ते फडकं आहे का अजून?" मी दिलं. त्यांनी ते चक्क हुंगलं!

"ब्राँझ असं सुटत नाही हो. आधी उंचवटे झिजतात, खाचांमध्ये रंग राहतोच. इथे सगळं एका दमात सुटलं, म्हणून शंका आली. हे बूटपॉलिश आहे." मग बिल्ला उलटा केला. "ही मागची एक उभी पट्टी पाहा. साध्या शिपायाच्या टोपीत खोचायची. अधिकाऱ्याच्या बिल्ल्याला दोन पट्ट्या असतात, दुमडायच्या. तुमचा कॅप्टन शिपाई होता, मॅट्रन! काळा राहिला असता तर मी उलटून पाहिलाही नसता."

क्षणभर आनंद झाला मला. कुणाला सांगणार नाही, पण झाला. 'कॅप्टनची बायको' म्हणून फादर तिचा हात धरून तिला पायऱ्या उतरवतात, माझा नाही.

मग तोंड कडू झालं. बिचारीला ठाऊकही नसेल. वॉल्टरने तिलाही फसवलं असणार. आणि उघडं कुणी पाडलं? मीच, ब्रासो लावून.

४ मे

पिलिंगना म्हटलं, कार्डावर नुसतं 'थ्रेलफॉल' लिहा. तर म्हणतात, "इतिहास आहे हा. 'शिपाई' असंच लिहिणार."

"तुम्ही उपटलेले सगळे दात किडकेच होते का हो?"

लाल झाले. पण हटले नाहीत. "शनिवारपर्यंत तुम्ही तिच्याशी बोला. नाहीतर बिल्ला पेटीतून काढा."

काढला तर ॲग्नेस विचारणार, का काढला. ठेवला तर सोमवारी प्रदर्शन उघडलं की सगळं गाव वाचणार. कुठूनही गेलं तरी रस्ता तिच्याच दारावरून जातो.

५ मे

नाही गेले. पाय दुखत होते असं लिहिणार होते. दुखत नव्हते.

६ मे, शनिवार

सांगितलं. घासल्याचं, पट्टीचं, शिपायाचं, सगळं. ॲग्नेसने माझ्यापुढे चहाचा कप ठेवला.

"बटाटे सोलायचा गं तो लष्करात. स्वतःहून कधी कॅप्टन म्हणवलं नाही बिचाऱ्याने. पॉलिश मीच लावायचे."

"तू? पण का?"

"लोक काय म्हणतील म्हणून."

"कोण लोक?" मी तावातावाने विचारलं. "नाव सांग मला, बघतेच मी!"

तिने माझा कप उचलून बाजूला ठेवला.

"तूच की, विनी."