अमराईतील अकरा बुंध्यांविषयी

प्रति,
मा. संपदा अधिकारी,
नगर प्रशासन विभाग,
कारखाना वसाहत, भोपाळ

विषय : जुन्या अमराईतील अकरा बुंधे न उपटण्याबाबत.
संदर्भ : झाडांवरील खुणांचा खुलासा मागणारे आपले दि. ७ एप्रिलचे पत्र.

महोदय,

हिंदीतले दोन अर्ज आपल्याकडे आहेतच. आपण नागपूरकडचे असल्याचे समजल्यावरून हा तिसरा मराठीत.

१. वसाहतीसाठी गाव उठले, अमराई राहिली. अर्जदाराचे वडील कै. काशिनाथ खानझोडे कारखान्यात टर्नर होते. सुटीच्या दिवशी ते त्या झाडांची निगा राखत. उठून गेलेली कुटुंबे लोणच्याच्या कैऱ्या आणि लावण्यासाठी कोयी इथूनच नेत. कोय कोणत्या झाडाची न्यावी हे त्यांना कळावे, म्हणून वडील दर हिवाळ्यात उत्तम फळाच्या झाडांना गेरूचा पट्टा ओढत.

२. यंदा ते अंथरुणाला खिळले होते. त्यांनी नावे लिहून दिली आणि पट्टे अर्जदाराने ओढले. तोडायच्या झाडांना गेरूचीच खूण करण्याचे आपल्या विभागात ठरले होते, हे तिला ठाऊक नव्हते.

३. वडील २६ फेब्रुवारीस वारले. अर्जदार अस्थी घेऊन होशंगाबादला गेली असताना पट्ट्याची अकराही झाडे मोहोरासकट तोडण्यात आली. मुकादम म्हणाला, "मॅडम, निशान तो आप ही ने लगाया था." ते खरे आहे. आपण मागितलेला खुलासा एवढाच.

४. उरलेली सात झाडे सुरक्षित आहेत, असे आपण कळवले. ती पोकळ, किडकी किंवा अतिशय आंबट आहेत. स्कूटर स्टँडला जागा हवी असल्यास ती घ्यावीत. बुंधा नियमानुसार झाड ठरत नाही, हेही मान्य. परंतु बडीशेपेच्या वासाचा जो 'सौंफिया', त्याच्या बुंध्याला नऊ फुटवे आले आहेत. ते वाढले तर फळ तेच येईल.

५. चूक अर्जदाराची आहे. कारवाई तिच्यावर व्हावी. अकरा शक्य नसतील तर तो एक बुंधा राहू द्यावा. सोमवारी उपटणी सुरू होणार असल्याने अर्जदार सकाळी सातपासून त्याच्यापाशी बसलेली असेल. हा विरोध समजू नये. उत्तर घेऊन येणाऱ्या शिपायाला शोधावे लागू नये, इतकाच हेतू.

आपली नम्र अर्जदार,
वैजयंती काशिनाथ खानझोडे
१५ एप्रिल १९९३

सोबत :
१) मृत्यूच्या दाखल्याची प्रत
२) अकरा झाडांची नावे, वडिलांच्या अक्षरात (मूळ कागद; कृपया परत मिळावा)