बोटांची कोरी ओळ

नंदनवन, नागपूर
९ फेब्रुवारी, रविवार

ती. आईस,

नागपूरहून नमस्कार. महिनाभर पत्र नाही, माफ कर. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणजे तू पत्राचीच वाट पाहत असशील, हे मला कळत होतं.

केमोचे चार डोस झाले. वरण-भात पोटात राहतो. वहिनी पाणी उकळून देते आणि खोकणाऱ्या पाहुण्यांना दारातूनच परत पाठवते. तुझा गुडघा कसा आहे?

अक्षर पाहून तू ओळखलंच असशील. माझी बोटं बधिर झाली आहेत, ब्लाउजचे हूकही वहिनीच लावते. म्हणून लिहीत नव्हते. सिस्टर दर वेळी विचारतात, "ताई, बोटांना मुंग्या येतात का?" मी नाही म्हणते. डॉक्टरांनी डोस कमी केला तर आजार उरेल, ही भीती. त्यांनी दिलेल्या वहीत मी ताप रोज लिहिते, बोटांची ओळ कोरी सोडते. इतकी वर्षं डायरी लिहिली, पण असं कधी केलं नव्हतं.

परवा रक्त तपासायला गेले, तेव्हा दवाखान्यात माझ्या हातून चहा सांडला. शेजारी सावनेरच्या सिंधूताई होत्या, त्याही पेशंटच; सिस्टरना मी नाही म्हणते, ते त्यांनी ऐकलेलं. म्हणाल्या, "काहून लपवून राहिली वं? डॉक्टर का तुह्या सासरचा हाय? मी सांगतलं, त्यानं डोस कमी केला. तरी बसली आहो ना तुह्यापाशी?"

मी हसले, पण घरी येईपर्यंत स्वतःचीच लाज वाटत राहिली.

गुडघ्याला शेक घेत जा.

तुझी,
नंदिनी

ता. क. तुझ्यासमोर लिहून ठेवते, म्हणजे टाळता येणार नाही. उद्याचं काम: पाचव्या डोसची सुई लावण्याआधी सिस्टरला बोटांचं सांगणे.